अकरा तास

“पुन्हा?” जनावरांच्या डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

टेबलावर चिंधी शेपूट पायांत घालून उभी होती. दीड वर्षाची कुत्री, काळी-पांढरी, एक कान उभा, एक पडलेला. चार महिन्यांत लघवीच्या इन्फेक्शनची ही तिसरी खेप. दर वेळी तेच. दहादा बसायची, दोन थेंब व्हायचे, आणि मग आपलंच काही चुकल्यासारखी मालकिणीकडे बघायची. गोळ्यांनी आठ दिवसांत बरी व्हायची. महिना बरा जायचा, की परत तेच रडगाणं.

“आजार मोठा नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या, “पण असाच येत राहिला तर मूत्रपिंडावर जाईल. दिवसभर हिच्याजवळ कोण असतं?”

“कोणी नाही हो. नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. मी सकाळी नऊला बाहेर पडते ती रात्री आठला येते.”

“अकरा तास. मग घरात करते का?”

“छे! फार गुणाची आहे ती. जीव गेला तरी घरात करणार नाही.” हे सांगताना मालकीण नाही म्हटलं तरी जरा फुशारलीच.

“आणि पाणी?”

“सकाळी भांडं भरून ठेवते. रात्री बघावं तर तसंच.”

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. “तिला कळलंय ताई. प्यायलं की लागणार, लागली की धरून ठेवायची. त्यापेक्षा न प्यालेलं बरं. शहाणी आहे, आणि त्या शहाणपणानेच आजारी पडतेय. दुपारी एकदा दार उघडा तिच्यासाठी. नाहीतर माझी सगळी औषधं वाया.”

ती कामाला जायची त्या दुकानापासून घर सात मिनिटांवर. प्रश्न अर्ध्या तासाचाच होता. पण तो अर्धा तास मागायचा कोणाकडे, तर मॅनेजरकडे.

तयार कपड्यांच्या त्या दुकानात बायकांच्या विभागात सहा जणी होत्या. ती नऊ वर्षं तिथे. कामाच्या वेळात काउंटर सोडायचा नाही, हा मॅनेजरचा नियम. बाथरूम गोदामाच्या मागे, आणि गिऱ्हाईकं घाण करतात म्हणून त्याला कुलूप. चावी मॅनेजरच्या खणात. हरवू नये म्हणून तिला वीतभर लाकडी ठोकळा बांधलेला. म्हणजे तो घेऊन निघालं की बाई कुठे चालली हे अख्ख्या दुकानाला कळावं! वर मॅनेजर हसत हसत विचारायचा, “काय ताई, धरण भरलं?” मनाने वाईट नव्हता तो. जिभेला हाड नव्हतं, एवढंच. पण गिऱ्हाइकांसमोर ते ऐकून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

म्हणून सहाही जणींनी आपापला बंदोबस्त केला होता. सकाळी घरून चहा, मग रात्रीपर्यंत काही नाही. ती नवीन लागली तेव्हा थोरल्या ताईंनी, म्हणजे सगळ्यांत जुन्या बाईंनी, पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “तहान लागली तर ओठ ओले कर. घोट घेऊ नकोस.” तिची पाण्याची बाटली भरलेली यायची आणि भरलेलीच घरी जायची. खिडकीतल्या कुंडीला ते पाणी मिळायचं. त्या झाडाची मात्र चंगळ होती. पर्समध्ये लघवीच्या जळजळीवरच्या औषधाची एक पुडी कायम असायची. सहाही जणींकडे असायची. त्याचं कोणाला काही वाटतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या ती मॅनेजरच्या टेबलापाशी गेली. काचेखाली त्याच्या गेल्या वर्षी मेलेल्या कुत्र्याचा फोटो होता. तो बघून तिला जरा धीर आला. तिने सगळं सांगितलं. अकरा तास सांगितले, भरलेलं भांडं सांगितलं.

मॅनेजर खुर्चीतून उठलाच. “अकरा तास? अहो ताई, कमाल करता! इतका वेळ धरून ठेवायचं म्हणजे जीव किती कासावीस होत असेल तिचा! रोज एक वाजता घरी जात जा. विचारायचंसुद्धा नाही मला.”

तिला रडूच फुटायचं राहिलं. इतक्या सहज? उगाच रात्रभर जीव टांगणीला लावून घेतला होता.

“थँक्यू सर.”

“अहो, थँक्यू कसलं? मुका जीव तो, सांगणार कोणाला?” त्याचा आवाज खरोखरच भरून आला होता. तिच्या नावापुढे सुट्टीची वेळ टिपून ठेवावी म्हणून त्याने खण ओढला. वही वर काढता काढता तो पुटपुटला, “पाणीसुद्धा सोडलं म्हणे! एवढी घाबरते तरी कोणाला, बिचारी?”

वहीखाली चावी होती. ठोकळ्याला बांधलेली.

ती बघतच राहिली. मग तिने हात घालून चावी उचलली. मागे पाच जणी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांचे हात थांबले.

“सर,” ती म्हणाली, “चिंधीला चार महिने झाले. आम्हाला नऊ वर्षं झाली.”

मॅनेजरच्या हातातली वही हातातच राहिली. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा मागच्या पाच जणींकडे. कानापर्यंत लाल झाला. मग खण उघडाच ठेवून तो बाजूला सरकला.

तिने दातांनी दोरा तोडला. ठोकळा खणात ठेवला आणि नुसती चावी गोदामाच्या दाराजवळच्या खिळ्याला अडकवली. मग बाटलीचं झाकण उघडलं आणि भर दुकानात, सगळ्यांसमोर, घटाघटा पाणी प्यायली.

थोरल्या ताई घडी अर्धवट टाकून पुढे आल्या.

“सगळं संपवू नकोस गं,” त्या म्हणाल्या. “मला ठेव थोडं.”