चंद्रावतीची मुदी

"हिरा खरा की खोटा, तेवढंच सांग," रघुनाथने तिसऱ्यांदा विचारलं.

"खरा, काका," पल्लवी म्हणाली. डिचोलीच्या बाजारातल्या त्या सोनाराच्या दुकानात दुपारचं दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून तिचा आवाज अजून गोड होता. "फक्त जमिनीतून काढलेला नाही. लॅबमध्ये वाढवलेला."

"खाणीतून नाही?"

"नाही."

"मग खरा कसा?"

रघुनाथ पाळीच्या खाणीवर चोवीस वर्षं वजनकाट्यावर बसलेला माणूस. ट्रकात खनिज किती आणि चिखल किती, हे तो टायरकडे बघून सांगे. अशा माणसाला यंत्रातला हिरा विकणं म्हणजे पदेराला पाव विकण्यासारखं होतं.

शेजारी त्याची मेहुणी कमलाक्षी बसली होती. लाटंबार्शाहून दोन बसगाड्या बदलून आली होती.

"भावोजी, असला बनावट नको. हिऱ्याचा वचन आसा."

ते वचन साऱ्या गावाला ठाऊक होतं. रघुनाथची बायको चंद्रावती हिच्या दहाव्याला नदीकाठी पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढलं. भटजी सावलीत सरकले. कोणी म्हणालं, तुझी गाय सांभाळू. कोणी म्हणालं, तुळशीला पाणी घालू. कावळे वडावरून नुसते बघत राहिले. शेवटी कमलाक्षी म्हणाली, "ताईक हिऱ्याची मुदी घालूची होती ओ, जल्मभर." आणि आपल्या मुलीला, तनयाला, हळूच पुढे केलं. चंद्रावतीला मूलबाळ नव्हतं.

रघुनाथने हात जोडले. "चंद्रा, हिऱ्याची मुदी करीन. तनयाच्या बोटात घालीन."

उजव्या पायाचं एक बोट नसलेला एक कावळा खाली उतरला आणि पिंडाला शिवला.

त्याला आता वर्ष होत आलं होतं. मुदी झाली नव्हती. रघुनाथ चिकट, असं गाव म्हणे, आणि गावाकडे पुरावाही होता. तोच थोटा कावळा रोज सकाळी आठच्या सुमारास रघुनाथच्या अंगणाच्या दगडी गडग्यावर येऊन बसे. रघुनाथ पदेराकडून अजूनही दोन उंडे पाव घेई, बायको असल्यासारखे. एक स्वतः चहात बुडवी. दुसरा गडग्यावर ठेवी.

"माझी ताई सुटाक नाय गो अजून," कमलाक्षी पल्लवीला सांगू लागली. "रोज येऊन बसता. मुदी दिल्याशिवाय ती कशी जातली? आनी खोटी दिली तर कायमचीच बसतली."

रघुनाथ काचेखालच्या अंगठ्यांकडे बघत राहिला.

पल्लवीने पेनासारखं एक यंत्र काढलं. टोक हिऱ्याला टेकवलं. हिरवे दिवे लागले, टीं वाजलं.

"ऐकलंत?"

"मशीन काय, वाजवलं की वाजतं," रघुनाथ म्हणाला. "आमचा काटासुद्धा पावसाळ्यात खोटं बोलायचा."

मग पल्लवीने दोन अंगठ्या शेजारी ठेवल्या. खाणीतला हिरा तांदळाच्या कणीएवढा. लॅबमधला तुरीच्या डाळीएवढा, आणि किंमत निम्मी.

कमलाक्षीची मान लांब झाली. तनयाचं लग्न पुढच्या महिन्यात होतं. सासरची माणसं यंत्र घेऊन बसणार नव्हती, डोळ्यांनीच मापणार होती. ताईच्या सुटकेची काळजी तिथे थोडी हलकी झाली.

"मशीन वाजला मा?" तिने पल्लवीला विचारलं. "मगे झाला तर."

"हीच दे," रघुनाथ म्हणाला.

"सर्टिफिकेट बघून घ्या, काका. हिऱ्याच्या कडेला नंबर कोरलाय. भिंगातून दाखवते."

"चष्मा नाही आणला."

चष्मा त्याच्या खिशातून डोकावत होता. पल्लवीने पाहिला. पण गिऱ्हाईक पैसे काढत असताना चष्म्याची गोष्ट काढू नये, एवढं ती शिकली होती.

दारात पोचल्यावर तो वळला. "खोटा निघाला तर?"

"परत आणा, काका. पूर्ण पैसे देऊ."

रघुनाथने मान हलवली. ती हो होती की नाही, ते पल्लवीला कळलं नाही.

रविवारी वर्षश्राद्ध झालं. तनयाने मुदी घालून पानं वाढली, आणि त्या दिवशी खीरसुद्धा तिने डाव्या हाताने वाढायला घेतली, कारण मुदी त्याच हातात होती. आईने डोळे वटारले, तेव्हा डाव उजव्या हातात गेला. जेवून उठता उठता जो तो म्हणाला, सुटली बिचारी.

निघताना कमलाक्षीचे डोळे भरून आले. खरोखरच भरून आले.

"आता ताई येवची नाय, भावोजी. उद्यापासून एकच उंडो घेवा."

सोमवारी पदेराचा भोंगा वाजला. रघुनाथने दोन उंडे घेतले.

तो दाराबाहेरच्या सोप्यावर बसला. आठ वाजले. साडेआठ. चहावर साय धरली. माडावर दोन कावळे भांडले आणि उडून गेले. गडगा मोकळाच होता.

नऊ वाजता त्याने दुसरा उंडो कागदात गुंडाळायला घेतला.

फडफड झाली.

रघुनाथने खिशातला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. पुढे वाकून त्याने कावळ्याच्या उजव्या पायाची बोटं मोजली. एक कमी होतं.

त्याने कागद सोडवला, उंडो मोडला आणि मोठा तुकडा गडग्यावर ठेवला.

"बरं झालं गो चंद्रा," तो म्हणाला. "मुदी खोटी निघाली."