बारशाच्या पिशव्या

मशीनचा आवाज सुरू झाला की सावेडीतल्या त्या घरात सकाळ झाली, असे समजायचे. इंदूबाई पूजा आटोपून मशीनवर बसत. जुन्या सुती साड्यांचे बेतलेले तुकडे जोडत, पिशवीच्या तोंडाशी नेफा दुमडून टीप घालत आणि तयार झालेली पिशवी शेजारच्या सुपात टाकत. तोवर नृसिंहराव दाढी करून, स्वच्छ सदरा घालून खिडकीपाशी येऊन बसलेले असत. पिनेला नाडी अडकवायची आणि ती पिन नेफ्यातून सरकवत पलीकडे काढायची, हे त्यांचे काम. दिवाळीत अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांच्या उजव्या हाताची बोटे नीट वळत नव्हती. पिन नेफ्यात कुठेतरी हरवे. ते ती चाचपून शोधत आणि पुन्हा पुढे ढकलत. डॉक्टरांनी व्यायामासाठी दिलेला रबरी चेंडू मात्र त्यांनी पोरखेळ म्हणून कपाटात टाकला होता.

रविवारी त्यांच्या नातीचे बारसे होते. प्रत्येक पाहुण्याला अशा पिशवीतून खारीक-खोबरे द्यायचे ठरले होते. या गतीने पिशव्या कधी पुऱ्या व्हायच्या, अशी काळजी सून अनन्याला वाटत होती. म्हणून काल संध्याकाळी सासूसासरे देवळात गेले असताना तिने सुपातल्या सगळ्या पिशव्यांत नाड्या ओवून टाकल्या.

आज नृसिंहराव खुर्चीत बसले. त्यांनी सुपातून एक पिशवी उचलली, मग दुसरी.

"सगळ्या झाल्या?"

"हो, बाबा," अनन्या उत्साहाने म्हणाली. "म्हटलं, तुम्हाला कशाला त्रास!"

"छान. वेळ वाचला." त्यांनी दोन्ही पिशव्या होत्या तशा ठेवल्या आणि हातातली पिन सदऱ्याला टोचली. मग आजारपणाच्या पहिल्या दिवसांत ठेवत तसा उजवा हात शालीखाली सरकवला आणि ते खिडकीबाहेर पाहत राहिले.

इंदूबाईंचे मशीन थांबले. त्या स्वयंपाकघरात गेल्या. अनन्याही मागोमाग गेली.

"माझं चुकलं का, आई?"

"त्रास नव्हता गं तो," इंदूबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "नाड्यांपायी ते रोज दाढी करून बसतात. नाहीतर झटक्यानंतर आंघोळीलासुद्धा उठवावं लागायचं."

"मग थोड्या नाड्या काढून परत देते ना त्यांना."

"हातसुद्धा लावणार नाहीत. जामखेडच्या शाळेत एवढी वर्षं गणित शिकवलं, कुणाला कधी एक गुण वाढवून दिला नाही. आता स्वतः वाढवून घेतील होय?"

इस्त्री फिरवायची आहे, असे म्हणून अनन्याने सूप उचलले आणि ती आतल्या खोलीत गेली. थोड्या वेळाने बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एकच पिशवी होती आणि चेहरा पडलेला होता.

"बाबा, बघा ना हिचं काय झालंय. कितीही ओढलं तरी तोंड नीट मिटतच नाही."

"आण इकडे." नृसिंहरावांनी नाड्या ओढल्या. पिशवीचे तोंड एका बाजूला गोळा झाले आणि दुसरीकडे आ वासून राहिले. शालीखालचा हात आपोआप बाहेर आला. "अगं, दोन्ही नाड्या एकाच बाजूने घातल्यास! एक डावीकडून जाते, एक उजवीकडून. दोन्हीकडून ताण बसला तरच तोंड मिटणार. हे काय असं?"

"घाईत झालं, बाबा."

"घाईत! त्यापेक्षा पेपर कोरा ठेवायचा होतास. तपासणाऱ्याचे तरी श्रम वाचले असते." त्यांनी सदऱ्याची पिन काढली. "सगळ्या अशाच ओवल्यास?"

अनन्याने मान खाली घातली. "सगळ्याच."

"धन्य आहे! आता सगळ्या नाड्या काढा आणि पहिल्यापासून ओवा. इंदू, माझा चष्मा कुठे आहे? आणि अनन्या, तू उभी काय राहिलीस? आण ते सूप."

अनन्याने स्वयंपाकघरातून बाहेर आलेल्या सासूकडे पाहिले. इंदूबाईंनी ती पिशवी नवऱ्याच्या हातातून घेतली, नाडी एकदा ओढून बघितली आणि तितक्याच गंभीर चेहऱ्याने परत दिली.

"अहो, एवढी काय घाई आहे? ही एक नीट करा तोवर. मग चहा घ्या. ती आणेल सावकाश."

अनन्या आत गेली. तिने दार हलकेच लोटून घेतले, सूप मांडीशी ओढले आणि अगदी नीट मिटणाऱ्या त्या पिशव्यांमधून एकेक नाडी काढून ती चुकीच्या बाजूने ओवायला घेतली.