अर्धी पात

“दाब… दाब… आता थांब, समीक्षा. पाय सैल सोड,” डॉक्टर अनघा माइकवरून म्हणाल्या.

काचेपलीकडे एमआरआय मशीनच्या बोगद्यात समीक्षा आडवी होती. पोटरीला पट्टा, पाऊल पेडलवर. तिचा बाप नथू डॉक्टरांच्या खुर्चीमागे उभा होता. उर्से गावातनं पोरीला घेऊन आला होता. जरा चाललं की तिचे पाय भरून यायचे. दुखणं काय, ते आज कळणार होतं.

डॉक्टरांनी पडद्यावरची रेघ दाखवली. “स्नायूत फॉस्फरस असतो, काका. त्यावरून ताकद किती उरली ते दिसतं. पाय दाबला की ती उतरते, विसावा मिळाला की पुन्हा भरते. हिची भरतच नाही. हा आजार आहे. घरात आणखी कुणाला असं होतं?”

“न्हाई,” नथू म्हणाला. “थोरला पोरगा व्हता, कैलास. पर त्यो आळशी व्हता.”

बोलून गेला आणि त्याला तो दिवस आठवला.

गेल्या आवणीत, भाताची रोपं लावताना, कैलास पात अर्धी टाकून बांधावर टेकला होता. आपल्या वाट्याची रोपांची ओळ अशी मध्येच सोडणारा नथूच्या लेखी माणूसच नव्हे. “नाटकं बास. पात पुरी कर, मंग बस!” तो साऱ्या भावकीदेखत ओरडला होता.  पोरगा उठला, पातीचं शेवटचं रोप लावलं आणि तिथेच चिखलात कोसळला. हृदय बंद पडलं, एवढंच तेव्हा कळलं. लग्नाच्या वयाचं पोर होतं.

तपासणी पुन्हा सुरू झाली.

“थांब आता,” डॉक्टर म्हणाल्या. पाऊल थांबेना. “समीक्षा, विसावा घे. नाहीतर मोजता येणार नाही.”

“मी दमले न्हाई,” आतून धापा टाकत आवाज आला. “आबांना सांगा, मी आळशी न्हाई.”

मघाशी माइक चालूच राहिला होता. पोरीने सगळं ऐकलं होतं.

डॉक्टरांनी माइक नथूपुढे सरकवला. “तुम्हीच सांगा तिला.”

नथूने माइक दोन्ही हातांनी धरला. काचेपलीकडचं पाऊल थरथरत होतं, तरी दाबतच होतं. 

“दमलास तू, कैलास,” तो म्हणाला. “ऱ्हाऊ दे पात. बस, लेकरा.”