डाव्या चाकाची खीळ

आसाच्या टोकाशी जिथं खीळ असायची, ते भोक रिकामं होतं. खीळ धक्क्यानं उडाली असती तर कडेचं काळं वंगण खरवडलं गेलं असतं. हे मात्र बोटानं पुसल्यासारखं दिसत होतं. गोपिकाबाईनं एवढं पाहिलं आणि पदर सावरून ती बाजूला झाली.

डावं चाक आसाच्या टोकाशी सरकून गाडी ओढ्याच्या उतारावर कलली होती. इंद्रभाननं, तिच्या थोरल्या दिरानं, चाकाला लाथ घातली.

"सकाळी निघताना मीच पाह्यली व्हती. बराबर बसेल व्हती!"

"तुझं पाहनं मला म्हाईत हाये," गाडीतून उतरलेली त्याची आई तुळजाबाई म्हणाली. "जल्दी कर बाबा. इकायचे तं आजच इकून टाक हे बैल. बांधून ठिऊन का पूजा करायची त्यायची?"

तिनं कमरेच्या पिशवीतून भाजलेला तपकिरी चिंचोका काढून तोंडात टाकला आणि सावलीला बसली.

विकायची जोडी गाडीमागं बांधलेली होती, एक तांबडा आणि एक पांढरा. गोपिकाबाईच्या नवऱ्यानं, राधाकिसननं, ते गोऱ्हे असल्यापासून वाढवले होते. गेल्या वर्षी माघात तो तापानं गेला. तेव्हापासून इंद्रभानचं एकच चाललं होतं. बैल विकायचे, तिचं रान आपल्या वाहितीत घ्यायचं, आणि तिनं त्याच्या घरात, त्याच्या बायकोच्या हाताखाली राहायचं. बैलांवाचून रान कसायचं कशानं?

मागच्या पावसाळ्यात गोपिकाबाईनं एक दिवस पिकातलं तण काढायला बैल जुंपून स्वतः डवरा धरला होता. त्यांच्या धावडा गावची माणसं बांधावर उभी राहून हसली. "बाईनं कासरा धरला, आता पाऊस खाली पडायचा का वर जायचा?" असं कुणीसं म्हणालंही. संध्याकाळी तिनं ओळी मोजल्या. एकही रोप मोडलं नव्हतं.

पण थोरल्या दिराशी सुनेनं बोलायचं नसतं. तो आईला विचारायचा, आई तिला विचारायची, आणि ती म्हणायची, "बघू." वर्षभर ती बघूच म्हणत आली होती. काल रात्रीही तेच म्हणाली, आणि इंद्रभाननं त्याचा अर्थ हो असा धरला.

त्यानं बाभळीची काठी तासून भोकात ठोकली. गाडी निघाली. कोसभर जात नाही तोच तांबडा लंगडायला लागला.

भोकरदनच्या वेशीपाशी गाडी थांबली तेव्हा गोपिकाबाईनं त्याचा पाय उचलून पाहिला. खुराच्या बेचक्यात मातीनं माखलेला गुळगुळीत तपकिरी खडा होता. तिनं तो काढून टाकला. तेवढ्यात इंद्रभान मागं आला.

"माय, इच्यार तिला. बैलाच्या खुराशी काय करून राह्यली? ती खीळ बी हिनंच तं न्हाई काढली?"

"हिनं?" तुळजाबाई हसली. "हिला 'बघू' सोडून काय येतं रे?"

गोपिकाबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं तांबड्याचा पाय हळूच खाली ठेवला.

बाजार निम्मा उठला होता. तांबडा अजूनही पाय राखून टेकत होता. तुळजाबाई पोत्यावर बसली आणि तिनं मांडीवर उपरणं पसरलं. गुरांचा भाव तोंडानं करत नाहीत. कापडाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबतात. तुळजाबाईच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं होती. तिच्याइतका भाव ताणणारं माणूस या बाजारात दुसरं नव्हतं. म्हणून तर इंद्रभाननं तिला मुद्दाम आणलं होतं.

पहिल्या गिऱ्हाइकानं हात घातला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला. दुसरा काही न बोलता निघून गेला. तिसऱ्यानं उपरणंच झटकलं.

"म्हातारे, बैल इकून राह्यली का हत्ती?"

"घ्यायची ऐपत नसंल तं शेळी पाह्य," तुळजाबाई म्हणाली.

"माय, जरा खाली ये की," इंद्रभान कुजबुजला. "आसं ताणलं तं जोडी वापस न्यावी लागंल."

"तू गप. मला शिकवतो का?"

ऊन कलायला लागलं. शेवटी भोकरदनचाच एक शेतकरी आला. त्यानं तांबड्याला चालवून पाहिलं, पांढऱ्याचे दात पाहिले, दोघांच्या पाठीवरून हात फिरवला. हा घेणारा होता. त्याच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

"सरक माय," इंद्रभान म्हणाला. "आता मी करतो भाव."

"कर की. पन चिठ्ठीत नाव कोनाचं हाये?"

चिठ्ठी इंद्रभानच्याच खिशात होती. पोलीस पाटलानं दिलेली, उर्दूत लिहिलेली, निजाम सरकारच्या शिक्क्याची. बैल गोपिकाबाईच्या नावावर होते. तिनं चार माणसांत हो म्हटल्याशिवाय बाजारात पावती फाटणार नव्हती.

"मालकीण ती हाये," तुळजाबाई म्हणाली. "तिच्या मनातला भाव आधी मला कळू दे. ये गं, घाल हात."

"इच्यार," इंद्रभान म्हणाला, "पन जल्दी इच्यार."

गोपिकाबाई सासूसमोर बसली. उपरण्याखाली तिनं कधीच हात घातला नव्हता. सासूची बोटं दाबायला येतील म्हणून ती थांबली. बोटं आली नाहीत. तिच्या तळव्यावर काहीतरी जड ठेवलं गेलं. वीतभर लोखंड, एका टोकाला वाकवलेलं, वंगणानं चिकट. सासूनं तिची मूठ त्यावर मिटवली आणि वरून आपल्या हातानं गच्च दाबून धरली.

तुळजाबाई तिच्याकडं पाहत नव्हती. ती त्या शेतकऱ्याकडं पाहत चिंचोका चघळत होती.

गोपिकाबाई उठली. मूठ तिनं पदराआड घेतली आणि जन्मात पहिल्यांदा थोरल्या दिराच्या डोळ्यांत पाहिलं.

"भाऊजी, बैल इकायचे न्हाईत. मिरगाला तिफन मीच हाकनार."