गवताशिवाय काही नाही

आमच्या गिनीपिगचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं आणि त्याला हगवण लागली. प्राण्यांच्या डॉक्टरांच्या टेबलावर तो नुसता अंगाचं मुटकुळं करून पडून राहिला.

"गवताशिवाय काही दिलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे! शपथ," आम्ही सगळे एका सुरात म्हणालो.

"मग पोट उघडूनच बघावं लागेल. एवढासा जीव, वाचेल की नाही सांगता येत नाही."

धाकट्या बहिणीला रडू फुटलं. "मी बिस्किट दिलं. पण त्यानेच मागितलं!"

"मी काकडी दिली," मी म्हणालो. "पण काकडीत बहुतेक पाणीच असतं."

"कोबीचे दांडे वाया जातात म्हणून मी त्याला टाकायचे," आई पुटपुटली. "थोडेच हो!"

डॉक्टर हसले. "ऑपरेशन रद्द. औषध देतो, आता फक्त गवत घाला. होईल बरा."

आमचा जीव भांड्यात पडला. बाबा मात्र टेबलापाशीच घुटमळले आणि हळूच म्हणाले,



"डॉक्टर, त्याच्या खाऊच्या डब्यातल्या त्या गवताच्या हिरव्या गोळ्या माणसाला बाधत नाहीत ना? चहाबरोबर फार छान लागतात हो."