वाय, ई, ओ

मारेगावच्या दवाखान्यात इंद्रजीत फवारणीच्या विषानं ग्लानीत गेला होता आणि यवतमाळच्या डॉक्टरांना व्हिडिओ कॉल काही लागेना. यवतमाळच्या दवाखान्यात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या संघदीपनं नावावरून मशीनचा पत्ता सांगणारी डीएनएसची नोंद पुन्हा तपासली. चूक नव्हती. तो मारेगावच्या नर्सवर फोनवरून खेकसला, "सिस्टर, यवतमाळचं स्पेलिंग काय टाकून राह्यल्या?"

"मशिनीत पयलेच भरून हाये. वाय, ई, ओ..."

म्हणजे Yeotmal, इंग्रजांच्या वेळचं स्पेलिंग! त्यानं घाईघाईनं त्याही नावाची नोंद टाकली. घंटी वाजली.

"इंद्रजीत! इंद्रजीत!" डॉक्टर पडद्यावरून हाका मारत राहिले. पोरगा हूं की चूं करेना.

न राहवून संघदीपच कॅमेऱ्यापुढं झाला. तिकडं दारात थांबवलेल्या इंद्रजीतच्या आईला त्यानं पडद्यावरून विचारलं, "माय, याले घरी काय म्हनता?"

"लाल्या!"

डॉक्टरांनी हाक मारायच्या आधीच पलंगावरून आवाज आला, "ओ."