सुनेची तपासणी

बाळंतपणानंतरच्या तपासणीला जयनगरच्या दवाखान्यात नागपूरच्या वृंदाबरोबर सासूबाई आल्या, कारण कन्नड त्यांनाच येत होतं. खोकताना लघवी सुटते का, हसताना, मूल उचलताना? नर्सचा एकेक प्रश्न त्या मराठीत सांगत, वृंदा "नाही हो, आई" म्हणे आणि सासूबाई कन्नडमध्ये उत्तर देत, ते नर्स फॉर्मवर लिहून घेई.

आत डॉक्टरबाईंनी यंत्राची नळी बसवून आवळायला सांगितलं. काटा झरकन चढला.

"खालचे स्नायू चांगले घट्ट आहेत," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "मग फॉर्मवर तिन्ही प्रश्नांना हो कसं?"

वृंदाने पडदा सारून बाहेर पाहिलं. बाळ रडत होतं आणि सासूबाई त्याला न उचलता बाकावरच थोपटत होत्या; मध्येच खोकला आला तशा त्यांनी मांड्या घट्ट आवळून धरल्या. मुलगी झाली म्हणून त्या नातीला उचलून घेत नाहीत, असं दोन महिने ती माहेरी लिहीत आली होती.